हमालाचा मालक कोण?

1857चा उठाव शमून फार दिवस झाले नव्हते, तेव्हा म्हणजे 1859 साली कलकत्त्याच्या विधान परिषदेने कामगारांच्या करारभंगासंबंधी एक छोटासा कायदा संमत केला. कारागिराने किंवा मजुराने कामासाठी आगाऊ रक्कम घेतली आणि नंतर काम टाळले, तर मालकाला दिवाणी दाव्याच्या फेऱ्यात पडण्याचे कारण उरले नाही. तो थेट दंडाधिकाऱ्याकडे जाऊ शकत असे; दंडाधिकारी त्या मजुराला पैसे परत कर किंवा काम पुरे कर असा आदेश देई, आणि आदेश पाळला गेला नाही तर तीन महिन्यांपर्यंतचा तुरुंगवास होई. मालकाने मजुरी बुडवली तर मात्र त्याच्यासाठी तुरुंग नव्हता. मजुराने वकील गाठावा, दावा लावावा आणि निकालाची वाट पाहावी अशी अपेक्षा होती. करार एकच होता, पण तो मोडणाऱ्यांपैकी एकाचा गुन्हा होई आणि दुसऱ्याचे केवळ देणे राही. इंग्लंडमध्ये अशा स्वरूपाचे कायदे 1875 साली संपले. आपल्याकडे हा कायदा रद्द व्हायला 1925 साल उजाडावे लागले.

उदारमतवाद आणि समाजवाद यांतील फरकाचा विचार करताना मला हा कायदा नेहमी आठवतो. आपल्या सार्वजनिक चर्चेत हे दोन्ही विचार आता एकाच माळेत ओवले जातात आणि त्याला कारणही आहे. भाषणस्वातंत्र्य, अल्पसंख्याकांची सुरक्षितता, कायद्याचे राज्य, स्वतंत्र न्यायालये या गोष्टींसाठी दोघेही एकाच बाजूला उभे राहतात. त्यामुळे समाजवादी म्हणजे थोडा अधिक उतावळा उदारमतवादी, अशी समजूत रूढ झाली आहे. मला ती मान्य नाही. 1859चा कायदा प्रामाणिक उदारमतवाद्याला अन्याय्य वाटेल, कारण तो दोन पक्षांना असमान लेखतो. तो रद्द झाला आणि दोघांनाही सारखाच दिवाणी नियम लागू झाला की त्याच्या दृष्टीने अन्याय दूर झाला. समाजवादी माणसाचा प्रश्न तिथून सुरू होतो. मजुराने ती आगाऊ रक्कम घेतलीच का, ती घेताना त्याच्या घरात किती दिवसांचे धान्य होते, आणि नको म्हणण्याची सोय त्याला होती का, हे त्याला विचारायचे असते.

हा प्रश्न मला पुस्तकांच्या आधी बाजारात भेटला. माझे वडील पुण्याच्या भुसार बाजारात एका आडत्याच्या पेढीवर दिवाणजी होते. पेढी आधी भवानी पेठेत होती आणि पुढे गुलटेकडीच्या मार्केट यार्डात गेली. शाळेला सुट्टी असली की मी त्यांचा डबा घेऊन जात असे आणि त्यांचे जेवण होईपर्यंत गाळ्याच्या कडेला बसत असे. ट्रक लागला की टोळी धावत येई. वरचे दोघे आकड्याने पोते ओढून कडेला आणत, खालचा पाठ वाकवून उभा राही, आणि शंभर किलोचे पोते त्याच्या मानेच्या खाली बसे. ते घेऊन तो फळीवरून चढत गोदामातल्या थप्पीच्या माथ्यापर्यंत जाई. त्या वयात मला त्यांच्या बळाचे कौतुक वाटत असे. त्यांच्यातला चाळिशी ओलांडलेला एकही माणूस वरच्या थरापर्यंत चढत नाही, हे माझ्या फार उशिरा लक्षात आले.

पेढीचे शेठ मनाने अतिशय उदार होते, आणि हे मी मनापासून लिहिते आहे. एखाद्या हमालाच्या मुलीचे लग्न ठरले, गावाकडे कोणी आजारी पडले, पाठीत उसण भरली, तर ते वडिलांना सांगून उचल देत आणि त्यावर व्याज घेत नसत. वडिलांच्या वहीत ती उचल हमालाच्या नावावर चढे. मजुरीचे तसे नव्हते. मजुरी मुकादमाच्या हाती एकरकमी जाई आणि वहीत ती ‘हमाली खर्च’ या एकाच ओळीत लिहिली जाई. म्हणजे वर्षानुवर्षे त्या पेढीचे ओझे वाहणाऱ्या माणसाचे नाव पेढीच्या दप्तरात फक्त एका ठिकाणी सापडे, कर्जदार म्हणून. उचल थोडी थोडी कापली जाई आणि ती फिटण्याच्या आत दुसरी उचल घ्यावी लागे. उचल अंगावर असलेल्या माणसाने दुसऱ्या पेढीच्या टोळीत जायचे नाही, अशी बाजाराची रीत होती; त्यासाठी कोणताही कायदा लागत नव्हता. 1859चा कायदा रद्द होऊन अर्धशतक उलटून गेले होते.

शेठ वारल्यावर त्यांच्या मुलाने बिनव्याजी उचल बंद केली. त्यात त्याने कोणताही करार मोडला नाही, कोणाचा हक्क हिरावला नाही, कारण ती उचल कधीच कोणाचा हक्क नव्हती. वडिलांना याचे फार वाईट वाटले आणि ते म्हणाले, ‘‘शेठ होते तोवर माणुसकी होती.’’ वडिलांच्या भावनेबद्दल मला आदरच आहे. पण बाजारातल्या शेकडो माणसांची पाठ, त्यांची मुले आणि त्यांचे म्हातारपण एका भल्या माणसाच्या आयुष्यमानावर अवलंबून असेल, तर त्या भल्या माणसाच्या भलेपणाची कितीही स्तुती केली तरी मूळ प्रश्न सुटत नाही. माझ्या समाजवादाची सुरुवात म्हणायची तर ती इथे झाली.

उदारमतवाद्यांनी कामगारांसाठी काही केले नाही, असे म्हणणे खोटेपणाचे ठरेल, आणि महाराष्ट्रात तर ते अधिकच खोटे ठरेल. नारायण मेघाजी लोखंडे हे सत्यशोधक परंपरेतले, त्यामुळे त्यांना सरळसरळ उदारमतवादी म्हणता येणार नाही. पण त्यांचे साधन मात्र त्या काळच्या उदारमतवादी राजकारणाचेच होते. सभा भरवायची, अर्ज लिहायचा, त्यावर सह्या घ्यायच्या आणि तो सरकारपुढे व गिरणीमालकांपुढे ठेवायचा. 24 एप्रिल 1890 रोजी महालक्ष्मीच्या मैदानावर सुमारे दहा हजार गिरणी कामगार जमले, त्या सभेत कामगार स्त्रियांनीही भाषणे केली, आणि त्याच वर्षी 10 जूनला मालकांच्या संघटनेने रविवारच्या सुट्टीची मागणी मान्य केली. आज ज्या रविवारची आपण वाट पाहतो तो असा मिळालेला आहे. तरीही लोखंड्यांच्या मिलहँड्स असोसिएशन या गिरणी कामगारांच्या संस्थेला वर्गणी भरणारे सभासद नव्हते, निधी नव्हता, नियमावली नव्हती. लोखंडे 1897 साली प्लेगच्या साथीत लोकांची सेवा करताना गेले आणि त्यांच्यामागे ती संस्था टिकली नाही. अर्जावर सही करणारे हजारो हात पुढच्या लढ्यासाठी एकत्र बांधलेले राहिले नाहीत.

त्या वेळच्या राष्ट्रीय वृत्तीच्या बहुतेक वृत्तपत्रांनी कारखान्यांच्या कायद्यांना विरोध केला होता, हेही विसरता येत नाही. लँकेशायरचे गिरणीवाले देशी गिरण्यांचा गळा घोटायला हे कायदे आणवत आहेत, असे त्यांचे म्हणणे होते आणि त्यात तथ्यही होते. पण त्याच्या जोडीला आणखी एक युक्तिवाद असे, की प्रौढ पुरुष स्वतःच्या श्रमाचा सौदा स्वतः करू शकतो आणि सरकारने त्यात पडू नये. म्हणून 1881च्या कायद्याने फक्त मुलांचे तास ठरवले, 1891च्या कायद्याने स्त्रियांचे ठरवले, आणि प्रौढ पुरुषाच्या दिवसाला कायद्याची मर्यादा पडायला 1911 साल यावे लागले. तीही फक्त कापड गिरण्यांपुरती, आणि बारा तासांची. पहाटे अंधारात गिरणीत शिरून रात्री अंधारात बाहेर पडणारा माणूस तीस वर्षे या तत्त्वामुळे ‘स्वतंत्र’ मानला गेला.

ना. म. जोशी यांच्याबद्दल मला विशेष आस्था आहे. गोखल्यांच्या भारत सेवक समाजाचे ते सभासद, 1911 साली त्यांनी मुंबईत सोशल सर्व्हिस लीग काढली. वाचनालये, रात्रशाळा, दवाखाने हे त्यांचे सुरुवातीचे काम. ते अखेरपर्यंत नेमस्तच राहिले. पण मद्रासच्या बकिंगहॅम आणि कर्नाटिक गिरण्यांच्या मालकांनी कामगार संघटनेच्या पुढाऱ्यांवर, संघटना करून कामगारांना करार मोडायला लावल्याबद्दल, नुकसानभरपाईचा दावा लावला आणि उच्च न्यायालयाने त्या पुढाऱ्यांपैकी बी. पी. वाडिया यांच्यावर मनाई हुकूम बजावला, तेव्हा जोशींनी 1921 साली मध्यवर्ती कायदेमंडळात कामगार संघटनांना कायद्याचे संरक्षण देण्याचा ठराव मांडला. त्यातून 1926चा कामगार संघटना कायदा आला. त्या कायद्याने मान्य केले की एकट्याने केलेली गोष्ट आणि संघटनेने केलेली गोष्ट यांना एकाच मापाने मोजता येणार नाही. करारभंगाला प्रवृत्त केल्याच्या दाव्यांपासून नोंदणीकृत संघटनेला त्याने वाचवले. कराराच्या पावित्र्याला एवढे मोठे भगदाड एका नेमस्त माणसाने पाडले, हे मला फार महत्त्वाचे वाटते. रोज कामगारवस्तीत जाणाऱ्या उदारमतवाद्याला आपले तत्त्व कुठे अपुरे पडते हे दिसल्यावाचून राहत नाही.

समाजवाद्यांनी आणि कम्युनिस्टांनी यात जी भर घातली, ती 1928च्या संपात उघड झाली. एप्रिल ते ऑक्टोबर असा जवळजवळ सहा महिने मुंबईतले सुमारे दीड लाख गिरणी कामगार बाहेर राहिले, आणि त्यातून उभी राहिलेली गिरणी कामगार युनियन ही गिरणीगिरणीतल्या समित्यांवर उभी होती. आपला प्रतिनिधी आपणच निवडायचा आणि मालकाशी बोलणे झाले की खात्यात येऊन सगळ्यांना सांगायचे, ही सवय तिथे लागली. मागणी मान्य होणे महत्त्वाचे खरेच, पण ती कोणी मान्य करून घेतली यालाही तेवढेच महत्त्व आहे. वरून मिळालेली सवलत वरूनच काढून घेता येते.

पण त्याच गिरण्यांत अस्पृश्य कामगाराला विणाई खात्यात प्रवेश नव्हता. मागावरच्या धोट्यातून धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे आणि सवर्ण विणकर त्यामुळे विटाळ मानत. विणाई खात्याची मजुरी चांगली, आणि ते दार जातीने बंद. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी संपाच्या काळात हा मुद्दा धसास लावला, तेव्हा कुठे तो युनियनच्या मागण्यांपर्यंत पोहोचला. फेब्रुवारी 1938मध्ये मनमाडच्या रेल्वे कामगार परिषदेत त्यांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही असे कामगारांचे दोन शत्रू सांगितले, त्यामागे हा अनुभव होता. वर्ग म्हटले की जात आपोआप मागे पडेल असे मानणाऱ्या समाजवादाने इथे मोठी चूक केली आणि तिची किंमत चळवळ आजही मोजते आहे. पुण्यात डॉ. बाबा आढाव यांनी हमाल पंचायत उभी केली आणि त्याच माणसाने 1970च्या दशकात ‘एक गाव एक पाणवठा’ ही मोहीम गावोगाव नेली. माझ्या दृष्टीने ही दोन वेगळी कामे नव्हती. टोळीत खांद्याला खांदा लावून पोते उचलणारी माणसे गावी गेल्यावर वेगवेगळ्या विहिरींवर पाणी भरत असतील, तर त्यांची एकी मालकाला सहज फोडता येते.

1938 सालचाच दुसरा प्रसंग मला अधिक खोल वाटतो. मुंबई प्रांतात बाळासाहेब खेर यांच्या काँग्रेस मंत्रिमंडळाने औद्योगिक तंट्यांचे विधेयक आणले. ठरावीक प्रक्रिया पुरी होण्याआधी केलेला संप बेकायदा ठरवून त्याला शिक्षा ठेवली. आंबेडकरांचा स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट यांनी मिळून 7 नोव्हेंबर 1938 रोजी एक दिवसाचा संप केला. त्याआधी विधानसभेत आंबेडकरांनी केलेल्या भाषणाचा आशय असा होता, की नोकरीचा करार मोडणे ही फार तर दिवाणी स्वरूपाची बाब आहे. तिला गुन्हा ठरवणे म्हणजे माणसाला त्याच्या इच्छेविरुद्ध काम करायला भाग पाडणे होय, आणि इच्छेविरुद्ध काम करायला भाग पाडलेल्या माणसाला गुलाम म्हणतात. संपाचा हक्क म्हणजे स्वातंत्र्याच्या हक्काचेच दुसरे नाव, असे त्यांनी मांडले. उदारमतवादाचे सर्वांत आवडते मूल्य त्यांनी हाती घेतले आणि ते मजुराच्या बाजूने शेवटपर्यंत नेले. पुढे 1947 साली संविधान सभेसाठी लिहिलेल्या निवेदनात त्यांनी याच धाग्याने मूलभूत उद्योग आणि शेती राज्याच्या मालकीची करण्याची आणि ती तरतूद संविधानातच घालण्याची मागणी केली. राज्य बाजूला झाले की माणूस मोकळा होतो, असे म्हणणाऱ्यांना त्यांचे उत्तर होते की राज्याने मोकळ्या केलेल्या जागेत मालकाची हुकूमत येऊन बसते. बेकार माणसापुढे एक हक्क सोडून देण्याच्या अटीवर नोकरी ठेवली, तर तो काय निवडेल, हा त्यांचा प्रश्न आजही तितकाच धारदार आहे.

1938च्या कायद्याची जागा 1946 साली मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने घेतली आणि त्यात एका उद्योगात एकच प्रातिनिधिक संघटना मानण्याची पद्धत पक्की झाली. 18 जानेवारी 1982 रोजी दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार बाहेर पडले, तेव्हा त्यांनी स्वतः निवडलेल्या नेत्याला कायद्याच्या दृष्टीने बोलणी करण्याचाच अधिकार नव्हता. त्या संपाची कहाणी सर्वांना ठाऊक आहे. ती इथे पुन्हा सांगत नाही.

माथाडी, म्हणजे डोक्या-पाठीवरून ओझे वाहणाऱ्या कामगारांच्या, कायद्याविषयी मात्र मला सविस्तर लिहायचे आहे, कारण महाराष्ट्राने समाजवादी विचाराला दिलेली ती सर्वांत मौलिक देणगी आहे असे माझे मत आहे, आणि तिची ओळख मुंबई-पुण्याबाहेर फार कमी लोकांना आहे. कामगार कायद्यांची सगळी इमारत मालक आणि नोकर या नात्यावर उभी असते. भविष्य निर्वाह निधी कोण भरणार? मालक. अपघाताची भरपाई? मालक. हमालाच्या बाबतीत मात्र हा मालकच सापडत नाही. तो सकाळी एका गाळ्यावर माल उतरवतो, दुपारी दुसऱ्या पेढीची गाडी भरतो, संध्याकाळी हुंडेकऱ्याच्या, म्हणजे मालवाहतूकदाराच्या, गोदामात जातो. प्रत्येक जण म्हणतो, हा आमचा माणूस नाही, आम्ही नगाप्रमाणे हमाली दिली आणि व्यवहार संपला. त्यातला कोणीही खोटे बोलत नसतो. करार शोधत बसलात तर खरोखरच कोणी मालक नाही. उदारमतवादी न्यायशास्त्र इथे हात टेकते, कारण ज्या नात्यावर हक्क बांधायचा ते नातेच त्याला दिसत नाही.

मुंबईत अण्णासाहेब पाटील यांनी आणि पुण्यात हमाल पंचायतीने वर्षानुवर्षे केलेल्या लढ्यातून 1969 साली महाराष्ट्र माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगार कायदा झाला. त्याने प्रश्नच फिरवला. या हमालाचा मालक कोण, हे शोधणे त्याने सोडून दिले आणि या बाजारात ज्या ज्या व्यापाऱ्याचा माल हमालाच्या पाठीवरून जातो, ते सर्व मिळून त्याचे देणे लागतात, असे ठरवले. त्यासाठी मंडळे स्थापन झाली. मंडळात व्यापाऱ्यांचे प्रतिनिधी, कामगारांचे प्रतिनिधी आणि सरकारचे प्रतिनिधी बसतात. व्यापारी मंडळाकडे नोंदणी करतो, हमालही नोंदणी करतो आणि टोळीत दाखल होतो. केलेल्या कामाची मजुरी मंडळाकडे जमा होते आणि तिच्यावर ठरावीक टक्क्यांनी लेव्ही भरावी लागते. त्या लेव्हीतून भविष्य निर्वाह निधी, उपदान, बोनस, भरपगारी रजा, औषधोपचार यांचा खर्च भागतो. कोणत्या गाळ्यावर किती पोती उतरवली हे बदलत राहिले, तरी हमालाचा हिशेब एकाच ठिकाणी साठत जातो.

हा कायदा पुण्याच्या बाजारात पुरता रुजायला वेळ लागला. लेव्हीवरून, माल तोलण्याच्या मजुरीवरून म्हणजे तोलाईवरून, गाडीतला माल काढून देण्याची मजुरी म्हणजे वाराई कोणी द्यायची यावरून कितीतरी वेळा बाजार बंद पडले. वडिलांच्या पेढीने नोंदणी केली तेव्हा वडील निवृत्तीच्या जवळ आले होते. त्यांनी घरी येऊन सांगितले की आता टोळीतल्या प्रत्येकाच्या नावाचा तक्ता करावा लागतो. ते थोडे वैतागले होते, कारण काम वाढले होते. पण त्या वर्षी पहिल्यांदा त्यांना कळले, की ज्याला ते वीस वर्षे एका टोपणनावाने हाक मारत होते, त्याचे खरे नाव काय आहे.

व्यापाऱ्यांनी या कायद्याला न्यायालयात आव्हान दिले. धंदा करण्याच्या आमच्या मूलभूत स्वातंत्र्यावर हा घाला आहे, कोणाकडून माल उचलून घ्यायचा हे आम्ही ठरवणार, असे त्यांचे म्हणणे होते. मुंबई उच्च न्यायालयाने कायदा वैध ठरवला. आपल्या संविधानात उदारमतवादी हक्क आणि सामाजिक न्यायाची निर्देशक तत्त्वे शेजारी शेजारी बसवलेली आहेत आणि त्यांच्यातला ताण न्यायालयांत सतत दिसतो. 1960च्या दशकाच्या आरंभी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की संघटना करण्याचा हक्क मूलभूत आहे, पण त्यात संप करण्याचा किंवा सामुदायिक वाटाघाटीचा हक्क आपोआप येत नाही. म्हणजे एकत्र जमण्याचे स्वातंत्र्य आहे, पण त्या एकत्र येण्याचा परिणाम घडवून आणण्याची हमी नाही. त्याच न्यायालयाने 1982 साली, एशियाडच्या बांधकामावरील मजुरांच्या खटल्यात, वेगळाच सूर लावला. न्यायमूर्ती भगवती यांनी लिहिलेल्या त्या निकालानुसार किमान वेतनापेक्षा कमी मजुरीवर काम करणारा माणूस वेठबिगारच ठरतो, कारण भूक आणि गरिबी हीसुद्धा सक्तीच असते. माझ्या वडिलांच्या वहीतल्या ‘उचल’ या रकान्याचा अर्थ मला त्या निकालात मिळाला.

आता उदारमतवाद्यांचा आक्षेप ऐकलाच पाहिजे, कारण तो पोकळ नाही. संघटनेची सक्ती झाली की एकट्या माणसाचे काय, असे ते विचारतात. नोंदणीचे पुस्तक बंद करून आतल्यांनी बाहेरच्यांना दार लावले, बिल्ला बापाकडून मुलाकडे वारशाने जाऊ लागला, तर तेही एक वतनच झाले. माथाडीच्या नावाखाली काम न करता पैसे उकळणाऱ्या टोळ्यांविषयी पुणे-चाकण परिसरातल्या उद्योजकांच्या तक्रारी सर्वश्रुत आहेत, आणि त्यांपैकी अनेक खऱ्या आहेत. अशा खंडणीमुळे सर्वांत मोठे नुकसान खऱ्या हमालाचे होते. त्याच्या पिढ्यांनी घाम गाळून कमावलेले नाव त्यात मातीमोल होते. पण म्हणून कायदाच मोडीत काढावा, असे म्हणणाऱ्यांशी मी सहमत होऊ शकत नाही. मंडळे वर्षानुवर्षे अपुऱ्या प्रतिनिधींनिशी चालवायची, नोंदी तपासायच्या नाहीत, आणि मग कायदा बिघडला म्हणायचे, हे न्यायाचे नाही. कामगारांचे प्रतिनिधी कामगारांनी मोकळेपणाने निवडले आणि मंडळाचा हिशेब उघडा ठेवला, तर खंडणीखोराला आडोसा मिळत नाही.

याच कारणाने मी उदारमतवादी स्वातंत्र्यांना दुय्यम मानणाऱ्या समाजवाद्यांपैकी नाही. 1980 साली पोलंडमध्ये, कामगारांचे राज्य म्हणवणाऱ्या देशात, ग्दान्स्कच्या जहाजबांधणी कामगारांना स्वतंत्र संघटना करण्यासाठीच संप करावा लागला होता. मतस्वातंत्र्य नसलेल्या समाजवादात कामगाराला आपल्याच नेत्याला जाब विचारता येत नाही. नाशिकच्या तुरुंगात 1930च्या दशकाच्या सुरुवातीला जयप्रकाश नारायण, अच्युतराव पटवर्धन, एस. एम. जोशी, ना. ग. गोरे, मिनू मसानी हे सगळे एकत्र होते आणि तिथल्या चर्चांतून 1934चा काँग्रेस समाजवादी पक्ष आकाराला आला. त्यांतले मसानी पुढे स्वतंत्र पक्षाचे नेते आणि देशातले अग्रणी उदारमतवादी झाले, ते रशियातल्या दडपशाहीचा धसका घेऊन. एस. एम. अखेरपर्यंत समाजवादी राहिले, आणि आणीबाणीविरुद्ध लढताना दोघांनीही नागरी स्वातंत्र्याचीच बाजू घेतली. मला मसानींची भीती समजते. पण त्या भीतीवरचे त्यांचे उत्तर, म्हणजे बाजाराला मोकळे सोडणे, हे भवानी पेठेतल्या हमालासाठी उत्तर नव्हते. तो बाजार पुरेसा मोकळाच होता.

21 नोव्हेंबर 2025 पासून देशात चार श्रम संहिता लागू झाल्या आहेत. औद्योगिक संबंध संहितेने कोणत्याही औद्योगिक आस्थापनेत संपाआधी नोटीस देणे बंधनकारक केले आहे. निम्म्या किंवा त्याहून अधिक कामगारांनी एकाच वेळी किरकोळ रजा घेतली तर तीही संप मानली जाईल. आणि सरकारी परवानगीशिवाय कामगार कपात करण्याची किंवा कारखाना बंद करण्याची मर्यादा शंभर कामगारांवरून तीनशेवर गेली आहे. या बदलांचे समर्थन लवचीकतेच्या, म्हणजे पुन्हा कराराच्या स्वातंत्र्याच्या भाषेत केले जाते. 1938 साली आंबेडकरांनी ज्या युक्तिवादाला विधानसभेत उत्तर दिले, त्याच्याशी हा युक्तिवाद मला फार जवळचा वाटतो.

त्याच वेळी, फोनवरून मागवलेले जेवण आणि किराणा घरोघरी पोहोचवणारी लाखो मुले रस्त्यावर आहेत. कंपन्या त्यांना भागीदार म्हणतात. ती कोणाचीच नोकर नाहीत. भुसार बाजारातल्या हमालासारखीच ती सकाळी एका कंपनीचे, संध्याकाळी दुसऱ्या कंपनीचे काम करतात आणि प्रत्येक कंपनी म्हणते, हा आमचा माणूस नाही. राजस्थानने 2023 साली आणि त्यानंतर कर्नाटकाने यासाठी कायदे केले. प्रत्येक व्यवहारामागे शुल्क घ्यायचे, ते मंडळात जमा करायचे आणि त्यातून सामाजिक सुरक्षा द्यायची, अशी त्यांची रचना आहे. ती पाहताच ज्याला माथाडी मंडळ ठाऊक आहे त्याला तिचे मूळ कळते. केंद्राच्या सामाजिक सुरक्षा संहितेनेही कंपन्यांच्या वार्षिक उलाढालीच्या एक ते दोन टक्के अंशदान ठेवले आहे. हे पाऊल स्वागतार्ह आहे, पण ते अर्धेच आहे. निधी उभारणे ही कल्याणाची बाब झाली, आणि कल्याणाला उदारमतवादी राज्यही तयार असते. माथाडी मंडळात त्यापलीकडे एक गोष्ट होती. पोत्यामागे किती हमाली हा दर तिथे व्यापाऱ्यासमोर बसून ठरत असे आणि समोरच्या खुर्चीवर हमालाचा माणूस असे. आज एका फेरीचे किती पैसे हे एका संगणकीय सूत्रातून ठरते. ते सूत्र त्या मुलाला दाखवले जात नाही आणि ते रातोरात बदलले तरी त्याचे कारण विचारण्याची जागा त्याला नाही. पुण्यात आणि मुंबईत ही मुले आता एकमेकांचे क्रमांक जमवू लागली आहेत, दर घटला की काही तास फोन बंद ठेवू लागली आहेत. महाराष्ट्राने त्यांच्यासाठी कायदा करायचा ठरवला, तर त्यातले पहिले कलम निधीविषयी असावे की दर ठरवण्याविषयी, यावर आतापासून भांडण सुरू झाले पाहिजे, आणि ते भांडण त्या मुलांनी स्वतः करावे, यासाठी त्यांची नोंदणीकृत संघटना आधी उभी राहिली पाहिजे.